माझगावची इस्राएली शाळा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस ‘आपल्या परिसराशी संबंध असलेल्या एखाद्या जुन्या शाळेचा इतिहास’ सांगावयास बोलाविले आणि आम्ही शाळा निवडली ती बंदरापलीकडच्या मुंबईतील, माझगावची. हे ऐकून चालकांपैकी एकांनी आम्हांस सरळच विचारले, “अलिबागेत काय शाळा कमी आहेत?” प्रश्न रास्त होता. परंतु ज्या गृहस्थांनी १८७५ साली ही शाळा काढली त्यांचे आडनाव होते केहीमकर. केहीम म्हणजे आपले किहीम. त्या शाळेत पुढे जी मुले शिकली त्यांची आडनावे पाहिली तर नवगावकर, थळकर, झिराडकर, चेऊलकर, पेणकर, अष्टमकर, राजपूरकर, दिवेकर अशी रायगड जिल्ह्याची, म्हणजे पूर्वीच्या कुलाब्याची, सगळी गावे हजेरीपटावरून वाचीत गेल्यासारखे वाटते. तेव्हा शाळेची इमारत माझगावला असली तरी तिची मुळे या आपल्या वाळूत आहेत, असे आम्ही समजतो.

बेने इस्राएल लोकांची ओळख येथे करून द्यावी लागू नये. शहरातील इस्राएल आळीवरून आपण सर्वजण रोज जात-येत असतो. पण नव्या पिढीपैकी अनेकांस त्या आळीचे नाव तेवढे ठाऊक असते, माणसे पाहिलेली नसतात. म्हणून दोन शब्द. फार प्राचीन काळी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांची प्रेते नवगावलाच पुरली, अशी त्यांची परंपरागत कथा. ही घटना केव्हाची, याविषयी विद्वानांत एकमत नाही आणि त्या वादात आम्ही शिरत नाही. वाचलेल्यांनी कोकणात तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. सुंता, शनिवारची विश्रांती, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘शेमा’ हे एक हिब्रू वचन एवढ्या शिदोरीवर या लोकांनी शतकानुशतके आपले वेगळेपण टिकविले. बाकी बोली मराठी, लुगडे मराठी, जेवणातला नारळ-तांदूळ आपलाच. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक यहुदी पाहुणा आला आणि त्याने त्यांच्यातील तीन तरुणांस धर्मविधी शिकवून तयार केले, असे सांगतात. त्या तिघांच्या घराण्यांस ‘काजी’ म्हणू लागले. परंतु धर्मग्रंथ वाचता येईल इतके हिब्रू या समाजात कोणालाही येत नव्हते. ज्या भाषेत प्रार्थना करावयाची ती भाषा येत नाही, आणि जी येते तिच्यात प्रार्थना लिहिलेली नाही, अशी ही विलक्षण स्थिती होती. या स्थितीतूनच आमच्या शाळेची कथा सुरू होते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही मंडळी मुंबईस जाऊ लागली. कोणी सुतारकाम, गवंडीकाम धरले, पुष्कळजण कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. त्यांपैकी सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले, सुटून परत आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवीला पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधले. ज्या रस्त्यावर ते आहे तो सॅम्युएल स्ट्रीट. मंदिर झाले, पण त्यात उभे राहून वाचणार कोण?

या प्रश्नाचे उत्तर अगदी अनपेक्षित दिशेने आले. १८१३ साली अमेरिकन मिशनचे पाद्री मुंबईस पोहोचले. त्यांनी मराठी शाळा काढल्या, कोकणातही काढल्या आणि त्यांतून बेने इस्राएल मुले शिकू लागली. पाठोपाठ १८२९मध्ये स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन आले. ज्यांच्या नावाचे कॉलेज चौपाटीवर उभे आहे तेच हे विल्सन. त्यांना या समाजाचा मोठा लळा लागला. १८३२ साली त्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. श्रोतेहो, या एका पुस्तकाचा क्षणभर विचार करा. लेखक स्कॉटलंडचा ख्रिस्ती धर्मोपदेशक. विषय यहुद्यांची प्राचीन भाषा. समजावून सांगण्याची भाषा मराठी. आणि वाचक कोण, तर कुलाब्याच्या तेल्यांची आणि मुंबईच्या शिपायांची मुले! मराठी भाषेला त्या काळी काय काय कामे करावी लागली, याचा हिशेब कोणी मांडील तर त्यात हे काम अवश्य घालावे.

पाद्र्यांचा हेतू उघड होता आणि तो त्यांनी कधी लपविलाही नाही. जुना करार शिकविला की या लोकांना नव्या कराराची गोडी लागेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. पाद्र्यांनी पानात दोन्ही करार वाढले. यांनी जुना मनापासून जेवला आणि नव्याला नम्रपणे हात जोडले. कित्येक दशके मिशनच्या शाळांत शिकूनही या समाजातून ख्रिस्ती झालेली माणसे फारच थोडी निघाली. उलट आपण कोण, आपले सण कोणते, आपल्या पूर्वजांची नावे काय, हे सारे त्या शाळांतून कळल्यामुळे ते अधिक पक्के यहुदी झाले. पुढे केहीमकरांनी आपल्या समाजाचा जो मोठा इतिहास लिहिला त्यात पाद्र्यांचे हे ऋण त्यांनी मोकळेपणाने मानले आहे. ही कृतज्ञता आम्हांस फार मोलाची वाटते. दुसऱ्याचे घेतले म्हणावयास माणसे लाजतात. त्यातून धर्माच्या बाबतीत तर फारच.

तथापि, कृतज्ञता एक आणि निश्चिंतता दुसरी. आपल्या मुलाला आपली प्रार्थना दुसऱ्या धर्माच्या उपदेशकाने शिकवावी आणि त्याच तासाला दुसऱ्याच तारणहाराचे नाव त्याच्या कानी घालावे, हे कोणत्या बापाला फार काळ रुचेल? शिवाय शनिवार होताच. जगाचा आठवडा रविवारी थांबतो, यांचा शनिवारी. मिशनच्या वा सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलाने शब्बाथ पाळावा की हजेरी लावावी, हा पेच दर आठवड्याला येई. शनिवार पाळण्यावरूनच ज्या समाजाला गावाने नाव दिले, त्या समाजाची मुले शनिवारी पाटी-दप्तर घेऊन निघू लागली तर मग राहिले काय?

तरीही आपली शाळा काढण्याची निकड केवळ धर्मासाठी होती असे समजणे चूक ठरेल. भाकरीचाही प्रश्न होता. कंपनीच्या पलटणीत या समाजातील पुष्कळजण सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले होते. पुढे पलटणी जातवार उभारण्याचे धोरण आले आणि इतक्या लहान समाजाला तेथे वाव उरला नाही. मग उरली ती कारकुनी: रेल्वे, पोस्ट, गोदी, सरकारी कचेऱ्या. कारकुनीला इंग्रजी हवे, मॅट्रिकचा दाखला हवा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि त्याच्या परीक्षांना संस्कृत, लॅटिन, फारसी यांच्या जोडीने हिब्रूही घेता येऊ लागले. यामुळे एक गंमत झाली. देवळातली भाषा परीक्षेची भाषा झाली. ज्या हिब्रूने पूर्वी केवळ परलोक साधावयाचा, त्याच हिब्रूच्या गुणांवर इहलोकी साठ रुपयांची नोकरी मिळू लागली! आमचे ब्राह्मण विद्यार्थी संस्कृत घेऊन जे करीत होते तेच हे. धर्मशिक्षण आणि पोटाचे शिक्षण या दोहोंचा असा नैसर्गिक मिलाफ ज्या क्षणी झाला, त्या क्षणी समाजाच्या स्वतंत्र शाळेला खरा आधार मिळाला, असे आमचे मत आहे.

सरकारी धोरणही अनुकूल होते. १८५४च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत घालून दिली. शाळा कोणाची, तेथे कोणता धर्म शिकवितात, हे सरकारी तपासनिसाने पाहावयाचे नाही. अंकगणित, भूगोल, भाषा नीट शिकवितात की नाही एवढेच पाहावयाचे, असा त्याचा आशय. या एका तरतुदीच्या आसऱ्याने हिंदुस्थानात किती जातीजमातींच्या शाळा उभ्या राहिल्या याची गणती नाही. मुंबईत मुसलमानांची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ साली स्थापन झाली. पुण्यात चिपळूणकर-टिळकांचे न्यू इंग्लिश स्कूल १८८० सालचे. ते धर्माच्या नावाने निघाले नाही, पण स्वतःच्या बळावर शाळा काढण्याची ऊर्मी तीच. या दोहोंच्या मधल्या १८७५ सालची ही इस्राएली शाळा. आणि जाता जाता सांगावयाचे तर न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तोही याच साली! आज आम्ही आपणांसमोर बोलतो आहोत त्या परंपरेचे आणि त्या शाळेचे वय एकच.

आता केहीमकरांकडे वळू. हाइम सॅम्युएल केहीमकर यांचा जन्म १८३० सालचा. ते धनिक नव्हते. १८५३ साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी, त्यांनी आपले बंधू व इतर मंडळी यांच्यासह समाजात शिक्षणाचा प्रसार करण्यासाठी एक मंडळ काढले. तेव्हापासून शाळा निघेपर्यंत बावीस वर्षे गेली. ही बावीस वर्षे कशात गेली असतील याची कल्पना सार्वजनिक कार्य केलेल्या कोणासही सहज करता येईल. वर्गणीच्या याद्या, फुटलेल्या सभा, ‘आधी देऊळ की आधी शाळा’ हे वाद, आणि एकदा उत्साह ओसरला की मागे उरणारे दोन-तीन हट्टी लोक. केहीमकर त्या हट्टी लोकांपैकी होते. १८७५ साली शाळा सुरू झाली ती प्राथमिक इंग्रजी वर्गांची, अगदी लहान प्रमाणात. इंग्रजी, मराठी आणि हिब्रू अशा तीन भाषा तेथे एकत्र नांदू लागल्या. एकोणिसावे शतक संपावयाच्या आत तिचे हायस्कूल झाले.

येथे कोणी असे विचारील की, मुंबईत तर ससून घराणे होते. कोट्यधीश यहुदी होते. त्यांच्या छायेत ही शाळा सहज चालली नसती काय? हा प्रश्न नाजूक आहे, परंतु तो टाळला तर कथेचा गाभाच निसटेल. डेव्हिड ससून १८३०च्या सुमारास बगदादहून मुंबईस आले आणि त्यांच्यामागून आणखी बगदादी कुटुंबे आली. प्रारंभी बेने इस्राएलांनी त्यांना आपल्या देवळात जागा दिली, आपल्या दफनभूमीत जागा दिली. पण १८३६ साली याच पाहुण्यांपैकी काहींनी सरकारकडे अर्ज केला की, दफनभूमीत मधे भिंत घालून आमचा भाग वेगळा करून द्यावा. कोकणातून आलेली, रंगाने सावळी, मराठी बोलणारी ही माणसे खरी यहुदी आहेत काय, अशी शंका त्यांच्या मनात होती. ही शंका पुढे शंभर वर्षे या ना त्या रूपाने डोके वर काढीत राहिली. आपल्या इकडे जात नावाची वस्तू किती चिवट आहे हे आपण जाणतोच. बाहेरून आलेल्यांनाही ती किती लवकर लागते ते यावरून दिसावे. बेने इस्राएल तरी या दोषातून मुक्त होते काय? नव्हते. त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता आणि गोरे काळ्यांशी बेटीव्यवहार करीत नसत. भिंत घालून घेणाऱ्यांची तक्रार करणाऱ्यांच्या स्वतःच्या घरातही एक भिंत होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

ससूनांची स्वतंत्र शाळा होती. आणि मौज अशी की, तिचे हेडमास्तर कित्येक वर्षे एक बेने इस्राएल गृहस्थच होते. ते म्हणजे जोसेफ इझिकेल राजपूरकर. हिब्रू प्रार्थनाग्रंथांचे वीसांहून अधिक मराठी अनुवाद करणारे आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक म्हणून काम पाहिलेले हे पंडित. त्यांच्याविषयी मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी दोन ओळीही क्वचितच लिहिल्या आहेत. विद्येपुरती भिंत आड येत नव्हती. परंतु ज्याच्या शेजारी मेल्यावरही निजावयास ज्यांची तयारी नाही, त्यांच्या दारी मुलांच्या शिक्षणासाठी जावे, हे केहीमकरांसारख्या मानी माणसाला कसे पटावे? म्हणून शाळा आपली हवी. पाद्र्यांच्या उपकारातून सुटका आणि ससूनांच्या उपकारातूनही सुटका, असा तो दुहेरी निश्चय होता.

अर्थात निश्चयाने फळा-खडू येतो, मास्तरांचे पगार भागत नाहीत. समाज गरीब. फी किती आणि वर्गणी किती? सरकारी अनुदान तुटपुंजे. अखेरीस लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशन या संस्थेने मदतीचा हात दिला आणि वर्षानुवर्षे तिच्या साह्यावर शाळेचा गाडा चालला. उपकारातून सुटण्यासाठी काढलेली शाळा पुन्हा एका उपकारावरच उभी राहिली, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. लंडनच्या पैशाने अभ्यासक्रम ठरविला नाही आणि मराठी हद्दपार केली नाही. दात्याचा हात किती लांब पोहोचतो यावर दानाची किंमत ठरते.

त्या मराठीबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तो आमच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. हिब्रूची ओळख वाढली म्हणून या समाजाने मराठी टाकली नाही. उलट १८८०च्या सुमारास मुंबईत त्यांच्या मंडळींनी हिंदू कीर्तनकारांचे पाहून स्वतःची कीर्तने सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, टाळ सारे आपले. आख्यान मात्र अब्राहामाचे, मोशेचे, योसेफाचे. मराठी नियतकालिके निघाली. वल्हांडणाच्या सणाला वाचावयाची हगादा ही पोथी मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर छापली गेली होतीच. शाळेत मुलगा हिब्रू वाचावयास शिके आणि घरी आजीला त्याचा अर्थ मराठीत सांगे. दोन भाषांचे हे असे वाटप होते.

आमच्या स्वतःच्या आठवणीतील एक गोष्ट येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. १९६०च्या दशकात आमच्या वर्गात इस्राएल आळीतला एक मुलगा होता. त्याच्या घरी मलिद्याला आम्ही हक्काने जात असू. गोड पोहे, खोबरे, फळे. आणि एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन म्हटलेली ती गाणी. त्याचे आजोबा लहानपणी मुंबईस काकांकडे राहून इस्राएली शाळेत शिकले होते. त्यांची एक जुनी वही घरात होती. एक ओळ हिब्रूची, उजवीकडून डावीकडे. तिच्याखाली मराठी अर्थ, डावीकडून उजवीकडे. आम्हां पोरांना मोठे आश्चर्य वाटे की, दोन ओळी एकमेकींकडे अशा धावत येतात आणि मधेच कोठे आदळत कशा नाहीत! आजोबांना विचारले तर ते म्हणत, “मास्तर छडी घेऊन उभे असत ना, मग आदळतील कशा?” पुढे त्या कुटुंबाने बाडबिस्तरा आवरला आणि ते लोक इस्राएलला गेले. वही बरोबर नेली की येथेच राहिली, ते विचारावयाचे राहून गेले.

असो. शाळेच्या इतिहासातील सर्वांत उजळ कालखंड म्हणजे १९२२ ते १९५० हा, रिबेका रूबेन बाईंच्या मुख्याध्यापिकापदाचा. १८८९ साली जन्मलेल्या या बाई पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या आणि १९०५च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या. त्या काळी मुलगी मॅट्रिक होणे हीच बातमी होती. ती पहिली येणे म्हणजे काय, ते श्रोत्यांनीच ठरवावे. पुढे इंग्लंडात शिक्षण, समाजाच्या वार्षिकांचे संपादन आणि मग अठ्ठावीस वर्षे ही शाळा. आम्हांस येथे लक्षात घेण्याजोगे वाटते ते असे की, धर्माच्या पायावर उभ्या राहिलेल्या या शाळेला तिची सर्वश्रेष्ठ मुख्याध्यापिका मिळाली ती रानडे-भांडारकरांच्या पिढीने पुण्यात काढलेल्या, सर्व जातींच्या मुलींसाठी असलेल्या शाळेतून. लंडनची एम.डी. मिळविणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड याही हुजूरपागेच्याच. म्हणजे समाजाच्या उत्तम मुली बाहेरच्या शाळेत घडल्या आणि त्यांपैकी एकीने परत येऊन समाजाची शाळा घडविली. आपल्या समाजाची वेगळी शाळा असावी की मुलांनी सर्वांबरोबर शिकावे, हा वाद त्या काळी जोरात होता. त्याचे उत्तर वादात सापडत नाही, रूबेन बाईंच्या चरित्रात सापडते.

याच कालखंडात, १९३०नंतरच्या दशकात, शाळेचे नाव बदलले. सर एली कदूरी हे बगदादमध्ये जन्मलेले, ससूनांच्या पेढीत उमेदवारी करून हाँगकाँग-शांघायकडे गेलेले आणि तेथे अपार संपत्ती मिळविलेले व्यापारी. त्यांच्या भरघोस देणगीने शाळेला स्थैर्य आले आणि ‘इस्रायलाइट स्कूल’चे ‘सर एली कदूरी स्कूल’ झाले. बगदादी धनिकांच्या छायेत जावयाचे नाही म्हणून ज्यांनी शाळा काढली, त्यांच्या शाळेच्या कमानीवर साठ वर्षांनी बगदादी धनिकाचेच नाव चढले. केहीमकर तेव्हा हयात नव्हते. त्यांचा इतिहासग्रंथ १८९७ साली लिहून तयार होता. तो चाळीस वर्षे तसाच पडून १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. म्हणजे जवळजवळ एकाच सुमारास त्यांचे पुस्तक बाहेर आले आणि त्यांच्या शाळेचे जुने नाव आत गेले. याबद्दल खेद करावा काय? आमचे मन येथे द्विधा होते. कदूरींनी भिंत घातली नव्हती, पाडण्यास हातभारच लावला. आणि पैशाविना शाळा बंद पडली असती तर जुने नाव कोणत्या दगडावर कोरून ठेवावयाचे होते? पण एखादा वर्ग, एखादे दालन तरी ठळकपणे केहीमकरांच्या नावाने ओळखले जावे, एवढी इच्छा किहीमच्या शेजारी राहणाऱ्या आम्ही लोकांनी धरली तर ती गैर ठरू नये.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, १९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाले आणि समाजाची पावले तिकडे वळू लागली. त्यांना येथून कोणी हुसकावले नाही, ही गोष्ट त्यांनी स्वतः ठायी ठायी सांगितली आहे. मग ते का गेले? धर्माची ओढ होती, नव्या देशाची आशा होती, येथे इंग्रजी अमदानीतील नोकऱ्यांची शाश्वती संपली होती. आणि नातेवाईक गेले म्हणून नातेवाईक गेले. परंतु एक कारण शाळेतही शोधावे लागेल. तीन पिढ्या ज्या मुलांनी वर्गात बसून हिब्रू गिरविले, त्यांना हिब्रू बोलणारा देश हाक मारतो आहे असे वाटले तर नवल काय? शाळेने समाज टिकविला, आणि टिकविला म्हणूनच तो एके दिवशी उठून जाऊ शकला. १९५१च्या सुमारास भारतात सर्व मिळून पंचवीस-सव्वीस हजार यहुदी होते. २००१मध्ये ते पाच हजारांच्याही आत आले.

आणि तेथे जाऊन त्यांना काय ऐकावे लागले? तीच जुनी शंका! १९६०च्या प्रारंभी तेथील धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत त्यांच्या वंशशुद्धीची चौकशी करण्याचे फर्मान काढले. दफनभूमीतील १८३६ची भिंत जणू समुद्र ओलांडून त्यांच्यामागे गेली. लोकांनी निदर्शने केली, उपोषणे केली. हे उपोषणाचे शस्त्र त्यांनी कोठून नेले होते, ते सांगावयास नको. अखेर १९६४ साली तेथील लोकसभेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठासही नमते घ्यावे लागले. तेथे स्थिरावल्यावर या मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. नाव पाहा!

इकडे माझगावला शाळा तशीच उभी राहिली. बाके होती, वर्ग होते, मास्तर होते. ज्यांच्यासाठी सारे केले ती मुले मात्र बोटीत आणि विमानात बसून गेली होती. अशा वेळी संस्था दोनच गोष्टी करू शकतात. एक, कुलूप लावून जागेचे पैसे करणे. मुंबईत जागेचे पैसे काय होतात ते आपणांस ठाऊक आहे. दुसरी, दार सताड उघडणे. या शाळेने दुसरी वाट धरली. वस्तीतील इतर धर्मांची मुले येऊ लागली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पटावर बहुसंख्या त्यांचीच झाली. भायखळ्याच्या जेकब ससून शाळेतही असेच घडले. तेथील बहुतेक विद्यार्थी मुसलमान आहेत. पश्चिम आशियातील बातम्या वाचून ज्यांचे रक्त तापते त्यांनी या दोन शाळांच्या दारापाशी सुटीच्या वेळी पाच मिनिटे उभे राहावे.

धर्मशिक्षणाचे मग काय झाले? भारतीय राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने सरकारी मान्यता वा साह्य घेणाऱ्या शाळेत कोणाही विद्यार्थ्यावर, अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीवाचून धर्मशिक्षण लादता येत नाही. आणि तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांस आपल्या शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली. त्या वेळी त्यांची संख्या इतकी थोडी उरली होती की, एका मोठ्या शाळेची बाके भरण्याइतकीही यहुदी मुले साऱ्या राज्यात मिळाली नसती. हक्क मिळाला तेव्हा हक्कदार निघून गेले होते. शाळा मात्र चालू होती, इंग्रजी माध्यमाची आणि मराठी माध्यमाचीही.

गेल्या काही वर्षांत आमचा तो वर्गमित्र एकदा अलिबागेस येऊन गेला. येथील दफनभूमीत त्याच्या पणजोबांची कबर शोधावयाची होती. जुन्या दगडांवर हिब्रू आणि मराठी अशी दोन्ही अक्षरे असतात. ऊन पुष्कळ होते, अक्षरे झिजलेली होती. त्याने हिब्रू वाचावे, आम्ही मराठी वाचावे, आणि दोन्ही जुळले म्हणजे पुढच्या दगडाकडे जावे, असा आमचा दुपारभर क्रम चालला. अखेर ती कबर एका करंजाच्या झाडाखाली सापडली. परत येताना त्याने विचारले, “माझगावची शाळा आहे का रे अजून?” आम्ही म्हणालो, आहे. “मग परवा विमानतळावर जाताना तिथून जाऊ,” तो म्हणाला. आणि मांडव्याहून सकाळच्या लाँचने आम्ही निघालो.